कोरमबाहेरचे सर

यवतला महामार्गाच्या कडेला, एका ढाब्याच्या मागं, पत्र्याचं एक मंगल कार्यालय आहे. दर सप्टेंबरात तिथं एका बंद पडलेल्या कंपनीची वार्षिक सभा भरायची. तीस खुर्च्या, एक टेबल, टेबलावर निळं कापड आणि पाण्याचा तांब्या. शिरूरच्या ऑफिसात कामाला लागून मला जेमतेम तीन महिने झाले होते तेव्हा मी पहिल्यांदा त्या सभेला गेले, आणि मला वाटलं, आपल्या सरांना वेड लागलेलं आहे, आपण दुसरी नोकरी बघावी. नोकरी मी बघितली नाही. सरांबद्दलचं मत मात्र पुढं बरेच दिवस तेच राहिलं.

सर कंपनी सेक्रेटरी होते. आमच्या भागात हे सांगून कुणाला काही कळत नाही. शिरूर-दौंडकडं सेक्रेटरी म्हणजे विकास सोसायटीचा, पीककर्जवाला. एसटी स्टँडमागं मोटार वायंडिंगच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या, आणि महिन्यातून एखादा तरी माणूस सातबारा घेऊन तिथं जिना चढून यायचा. सर त्याला बसवत, चहा पाजत, सातबाऱ्यातली चूक दाखवून देत आणि मग खऱ्या सेक्रेटरीचा पत्ता सांगत. खालून वार्निशचा वास येत राहायचा. अजून कुठं तो वास आला की मला सरांचा आवाज आठवतो.

त्यांचं खरं काम निराळं, कंपन्यांच्या कायदेशीर कागदपत्रांचं. रांजणगाव, कारेगाव, सणसवाडीच्या पट्ट्यात बऱ्या चालणाऱ्या पण घरच्या मालकीच्या कंपन्या पुष्कळ. त्यातल्या एखाद्या मालकाला वाटतं, आपल्याही कंपनीचा शेअर बाजारात यावा. सरळ रस्ता म्हणजे आयपीओ. त्याला खर्च फार, वेळ फार, आणि फसला तर चारचौघांत हसं. दुसरा रस्ता उलटा. जिचा धंदा बंद पडलाय पण शेअर बाजारातली नोंद शिल्लक आहे, अशी जुनी कंपनी शोधायची आणि आपली चालती कंपनी तिच्यात विलीन करायची. कागदावर चालती कंपनी बंद कंपनीच्या पोटात जाते. पण नव्यानं निघणारे बहुतेक शेअर चालत्या कंपनीच्या मालकाला मिळतात, तोच धनी होतो आणि थोड्या दिवसांत पाटीवरचं नाव बदलतं. याला रिव्हर्स मर्जर म्हणतात. सरांनी तशी सहा-सात करून दिली होती.

धंद्यातले लोक अशा जुन्या कंपनीला शेल म्हणतात. मी एकदा हौसेनं त्याचं मराठी 'टरफल' केलं. सरांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "टरफल फेकून देतात, मॅडम. बंद घर म्हणा. बंद घरात माणसांचं सामान असतं."

ते मला पहिल्या दिवसापासून मॅडम म्हणत. मी कवठे येमाईची, बी.कॉम. झालेली, ऑफिसात मी सोडून दुसरं कुणी नाही, तरी मॅडम. विलीनीकरण पुरं झालं की बंद कंपनीची जुनी पाटी ते मागून घेत. ऑफिसच्या संडासाच्या दारामागं अशा पाट्या रांगेनं उभ्या होत्या आणि दर सोमवारी त्या ओल्या फडक्यानं पुसायचं काम माझ्याकडं होतं. नेमणूकपत्रात हे काम लिहिलेलं नव्हतं, हे मी त्यांना दोनदा सांगून बघितलं.

यवतची सभा ज्या कंपनीची, ती कागदाची. उसाच्या चिपाडापासून कागद करायचा म्हणून दौंड तालुक्यात फार वर्षांपूर्वी ती निघाली. शिरूर-दौंडच्या शेतकऱ्यांनी तिचे शेअर घेतले. चार-पाच हंगाम कागद निघाला आणि कारखाना बंद पडला. मशिनरी बँकेनं नेली, जमीन गेली. राहिली ती बाजारातली नोंद आणि गावोगावच्या पेट्यांतली शेअर सर्टिफिकिटं. ही नोंद टिकवायला दर तीन महिन्यांनी कागद भरावे लागतात, फी भरावी लागते, वर्षाला सभा घ्यावी लागते. सर ते सगळं स्वतःच्या खिशातून करत होते. मी कामाला लागले तोवर त्यांना त्यात किती वर्षं झाली होती ते त्यांनाही नीट आठवत नव्हतं.

याचं कारण त्यांनी मला पहिल्या सभेहून परत येताना एसटीत सांगितलं. ते शेअर विकणारा माणूस म्हणजे तेच. तेव्हा ते बाविशीचे होते, कंपनीत कारकून. सायकलवरून आठवडी बाजार करायचे आणि भाजीवाल्यांच्या रांगेत उभं राहून शेअरचे फॉर्म भरून घ्यायचे. लोकांनी कंपनीचं तोंड बघितलं नव्हतं, यांचं बघितलं होतं.

"ज्या दिवशी बाजारातली नोंद जाईल, त्या दिवशी त्या सगळ्या सर्टिफिकिटांची रद्दी होईल," ते म्हणाले. "नोंद आहे तोवर एखादी चांगली कंपनी या घरात राहायला येऊ शकते. मग त्या कागदाला परत मोल येईल. मला तेवढं एकच काम करायचंय, मॅडम."

सभेचा पहिला विषय श्रद्धांजली. कंपनी कायद्यात श्रद्धांजलीचा विषय कुठंही नाही. तो सोसायटीच्या आणि साखर कारखान्याच्या सभेत असतो, आणि आमच्याकडच्या लोकांना त्याशिवाय सभा सुरू झाल्यासारखी वाटत नाही. म्हणून सरांनी तो घातला होता. वर्षभरात वारलेल्या सभासदांची नावं गावासकट वाचायची आणि दोन मिनिटं उभं राहायचं. मग हिशेब, मग ऑडिटर, मग भेळ आणि चहा. सरांनी "विषय क्रमांक दोन" एवढं म्हणायचा अवकाश, मागून "मंजूर, मंजूर" सुरू व्हायचं. दरवर्षी श्रद्धांजलीची यादी थोडी लांबायची आणि "मंजूर"चा आवाज थोडा बारीक व्हायचा.

अशा सभेला निदान पाच सभासद हजर लागतात, तो कोरम. एका वर्षी चौघंच आले. अध्यक्ष यवतचे आप्पा, ऊसवाले, पंचाहत्तरीचे. ते खुर्चीत चुळबुळ करत म्हणाले, "आवं सेक्रेटरी, तुमी हाय की पाचवं. धरा मोजून आन् उरका."

"मला धरता येत नाही, आप्पा. माझ्या नावावर एक पण शेअर नाही."

"एक बी न्हाई? मंग कशापायी येवढं करताय?"

सर घड्याळाकडं बघत होते. "कायद्यानं अर्धा तास थांबता येतं," एवढंच म्हणाले. आम्ही थांबलो. पंचविसाव्या मिनिटाला एक म्हातारा उसाला पाणी सोडून तसाच आला, गुडघ्यापर्यंत चिखल. सरांनी त्याला खुर्ची दिली, वही त्याच्या मांडीवर ठेवली आणि तो टेकल्यावरच त्याच्या हातात पेन दिलं.

कारण सही उभ्यानं करायची नाही, हा सरांचा दंडक होता. स्वतः सही करायची तर ते आधी चपला काढत, खुर्चीत नीट बसत, कागद पहिल्या ओळीपासून वाचत आणि मग सही करत. सही म्हणजे पूर्ण नाव, वळणदार, शेवटच्या अक्षराखाली एक छोटी रेघ. माझ्या नावचं कुरिअर असलं तरी मी बसून सही करायची, जिन्यात नाही. आणि त्यांच्या नावचं पाकीट आलं, ते बाहेर गेलेले असले, तर मी त्यांच्या वतीनं सही करायची नाही. कितीतरी पाकिटं परत गेली. "साधं कुरिअर आहे सर, मी केली तर काय बिघडतं?" असं मी चिडून विचारायची. ते म्हणायचे, "बिघडतं."  मी याला म्हातारपणाचा हेका समजत होते. आज त्याची आठवण झाली की माझी मलाच लाज वाटते.

त्या बंद घराला गिऱ्हाइकं येत नव्हती असं नाही. दरवर्षी एखादा मालक यायचा, पुण्या-मुंबईचा सल्लागार घेऊन. सगळ्यांची अट एक. जुने शेअर कापायचे, शंभराला एक करायचे, म्हणजे जुन्या लोकांचं नाममात्र उरतं आणि नव्या मालकाला जागा मोकळी मिळते. धंद्यात सर्रास असंच करतात, बेकायदा त्यात काही नाही. सर त्यांना चहा देऊन जिन्यापर्यंत सोडायला जात. मी आत चरफडत बसायची, कारण त्या फीमधून आमची दोन वर्षं सुखात गेली असती.

मग दादा आले. कारेगावला त्यांचं प्रेस शॉप, गाड्यांचे पार्ट बनवायचे, तीन शिफ्टमध्ये काम. त्यांनी सरांची अट ऐकली, थोडा विचार केला आणि म्हणाले, "कापायचे न्हाईत ना? नका कापू. माझ्या टोटलमधी ते चिमूटभर हायेत. पण सर, पेपर क्लिअर पायजेत. उद्या कुनी बोट दाखवाय नको."

सर त्या दिवशी चहा घ्यायला खाली उतरले आणि वायंडिंगवाल्यालाही त्यांनी चहा पाजला. इतकं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

नवे शेअर आता कागदावर मिळत नाहीत, डीमॅट खात्यातच जमा होतात. म्हणजे तीनशेच्या वर जुने सभासद शोधायचे, गेलेल्यांचे वारस शोधायचे, सगळ्यांचे फॉर्म भरून घ्यायचे. सहा महिने मी आणि सर एसटीनं फिरत होतो. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून कधी यवत, कधी पाटस. सर्टिफिकिटं कुठून कुठून निघाली. देवाच्या तसबिरीमागून, खताच्या पिशवीतून, एक तर लग्नाच्या अल्बममधून. केडगावजवळ एका वस्तीवर एका म्हाताऱ्या बाईनं प्लास्टिकमध्ये चिकटवलेलं सर्टिफिकीट आणून सरांच्या पुढं धरलं.

"तुमीच दिलता की वो हा कागद," ती म्हणाली. "म्हनला हुता, मावशी, संबाळून ठिवा. ठिवला. मालक गेलं, पर म्या ठिवला."

 सरांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. परतीच्या एसटीत मी त्यांना दोनदा काहीतरी विचारलं, ते त्यांना ऐकूच आलं नाही. मला वाटलं, जुनी आठवण आली असेल.

शेअरचं रजिस्टर सांभाळणारी एक वेगळी कंपनी असते, तिला रजिस्ट्रार म्हणतात. आमचे नवे फॉर्म गेल्यावर त्यांनी जुन्या फॉर्मवरच्या सह्या बाहेर काढल्या, ताडून बघायला, आणि स्कॅन करून आम्हाला पाठवल्या. सोबत दोन ओळींचं पत्र. ते मी आधी वाचलंच नाही. मी हौसेनं आमच्या गावचं पान शोधलं, कारण माझा आजाही सभासद होता. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

आजाला मी लहानपणापासून बघत आले. बँकेत, दवाखान्यात, सोसायटीत, सगळीकडं त्याचा डावा अंगठा चालायचा. शाई तो धोतराला पुसायचा आणि त्यावरून आई बोलायची. आणि इथं त्याच्या नावापुढं सही होती. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, वळणदार. शेवटच्या अक्षराखाली एक छोटी रेघ.

मी पुढचं पान काढलं. मग त्याच्या पुढचं. यवतचे, पाटसचे, न्हावऱ्याचे, सगळ्यांच्या सह्या त्याच हाताच्या. मग पत्र वाचलं. रजिस्ट्रारनं लिहिलं होतं की सर्व नमुने एकाच व्यक्तीच्या हस्ताक्षरात दिसतात, सबब हे सभासद खरोखर अस्तित्वात आहेत काय याचा खुलासा व्हावा, तोवर ही सगळी खाती गोठवण्यात येत आहेत. म्हणजे त्यांना संशय की कुणीतरी खोटी माणसं उभी करून शेअर दडवलेत.

सर समोर बसून डबा खात होते. मला इतका राग आला होता की शहरी भाषा सुटून गेली. "सर, माझा आजा शाळेत कवा गेलता?" मी विचारलं आणि कागद त्यांच्या पुढं टाकला.

त्यांनी डबा झाकला. हात धुऊन आले. चपला काढल्या, खुर्चीत नीट बसले. सही करायला बसत तसे. मग सांगितलं.

अंगठा चालत होता, पण अंगठ्यावर मॅजिस्ट्रेटचा सही-शिक्का लागायचा. भर बाजारात मॅजिस्ट्रेट कुठून आणायचा? आणि विक्री बंद व्हायला चारच दिवस राहिले होते. लोक म्हणाले, "तुमीच करा की मास्तर, तुमचं अक्षार ग्वाड हाय." त्यांनी केल्या. उभ्यानं, भाजीच्या काट्यावर फॉर्म ठेवून. एका बाजारात साठ.

"ज्यांना सही येत होती, त्यांच्या पण?"

"त्यांच्या पण. ते हळू करायचे."

"तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना," सर म्हणाले. "कौतुक वाटलं. किती भरभर करतो मी."

 माझं रागावून झालं होतं आणि आता नुसतं वाईट वाटत होतं. ज्या माणसांच्या कागदाला मोल यावं म्हणून ते एवढी वर्षं राबले, त्या माणसांच्या वाटेत त्यांचं स्वतःचं अक्षर आडवं आलं होतं. आणि सहा महिने घरोघर फिरताना त्यांना हे माहीत होतं. ते जुने फॉर्म कारखान्याबरोबर नष्ट झाले असतील, या आशेवर ते फिरत होते. हेही त्यांनीच मला सांगितलं.

पानं गोळा करताना एक वेगळी सही दिसली. वाकडी, रेघेच्या खाली घसरलेली, पहिलं अक्षर मोठं आणि पुढची बारीक होत गेलेली. "ही कुणाची?" मी विचारलं.

त्यांनी ते पान हातात घेतलं. "घरातली," ते म्हणाले. त्यांची पत्नी. मी कामाला लागायच्या आधीच त्या गेल्या होत्या, मी त्यांना फक्त फोटोत बघितलं होतं. "सातवी शिकलेली. सगळ्यांना विकता तर मला पण द्या म्हणाली. मी सही करायला लागलो तर कागद ओढून घेतला. माझी मी करीन. पाच मिनिटं लावली. मी वैतागलो होतो, मॅडम. तेवढ्यात माझे दहा फॉर्म झाले असते."

ते पान त्यांनी घडी करून शर्टच्या खिशात ठेवलं. मी रजिस्ट्रारच्या फाइलसाठी दुसरी प्रिंट काढली.

दोन दिवसांनी दादा आले. त्यांनी मुंबईच्या सल्लागाराला फोन लावून स्पीकरवर ठेवला. सल्लागाराला यात काही अडचण दिसत नव्हती. ही खाती गोठलेली राहू द्या, त्यांचे नवे शेअर सस्पेन्स खात्यात, म्हणजे मागणारा येईपर्यंतच्या राखीव खात्यात टाका, मर्जर पुढं जाऊ द्या. खुलासा मागे पडतो. सात वर्षं कुणी हक्क शाबीत केला नाही की सगळं सरकारच्या फंडात जातं. कोण येणार आहे विचारायला?

सरांनी समोरच्या यादीतून वाचायला सुरुवात केली. नाव, गाव. नाव, गाव. सभेत श्रद्धांजलीची नावं वाचत तसं, सावकाश. पलीकडून सल्लागार "हॅलो, हॅलो" करत होता. दादांनी फोन बंद केला.

"सर, मला कळतंय," दादा म्हणाले. "पण दुसरा रस्ता काय?"

"मी प्रतिज्ञापत्र देतो. माणसं खरी आहेत, सह्या माझ्या आहेत."

"आवो, हे तुमी लिहून दिलं की तुमची प्रॅक्टिस संपली. आख्ख्या करिअरवर डाग. आन् कुनाला म्हाईत बी न्हाई अजून."

"त्या मावशीनं कागद सांभाळला," सर म्हणाले. दादांना हे काय ते कळलं नाही. मला कळलं.

प्रतिज्ञापत्र त्यांनी टाइप करू दिलं नाही, स्वतःच्या हातानं लिहिलं. शिरूरच्या कोर्टासमोर नोटरीच्या टपरीत चपला काढून, बाकावर बसून सही केली. मग प्रत्येक सभासदाच्या किंवा वारसाच्या ओळखीचा दाखला बँकेतून आणला, ते सगळे गठ्ठ्यानं जोडले. चौकशी लागायच्या आधीच त्यांनी प्रॅक्टिसचं सर्टिफिकीट आपणहून परत पाठवलं. दारावरची त्यांच्या नावाची पाटी काढली आणि आत नेऊन त्या बंद कंपन्यांच्या पाट्यांच्या रांगेत शेवटी ठेवली. ठेवायच्या आधी त्यांनी ती स्वतःच पुसली. मी खाली जाऊन वायंडिंगच्या दुकानात उभी राहिले, कारण मला रडायला येत होतं आणि ते त्यांच्यासमोर नको होतं.

काम झालं. वेळ लागला, पण खाती मोकळी झाली, परवानगी आली, कागद कंपनीचं नाव जाऊन दादांच्या कंपनीचं नाव लागलं आणि कारेगावच्या प्रेस शॉपचा शेअर बाजारात आला. जुन्या लोकांना त्यांचे शेअर मिळाले, न कापता. केडगावच्या मावशींनी विकून घरावर स्लॅब टाकला. आजाचे शेअर वडिलांनी माझ्या नावावर केले.

पुढच्या सप्टेंबरात सभेची नोटीस आली. आता सभा ऑनलाइन. सरांना सांगितलं, तरी ते त्या दिवशी यवतला गेले आणि मंगल कार्यालयात खुर्च्या मांडायला लावल्या. मी लॅपटॉप घेऊन गेले. आप्पा आले, आणखी चार-पाच जण आले, सवयीनं. पडद्यावर एक मुलगी इंग्रजीत ठराव वाचत होती. आप्पा मधेच "मंजूर" म्हणाले, पण आमचा आवाज तिकडं बंद होता. बारा मिनिटांत सभा संपली. आप्पा म्हणाले, "आन् श्रद्धांजली?" सर म्हणाले, "तो विषय आता नाही, आप्पा." भेळेचे पैसे दिले, खुर्च्या परत रचायला मदत केली आणि आम्ही शिरूरची एसटी धरली.

त्यानंतर वर्षभरात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मूलबाळ नव्हतं, एक पुतण्या बघायचा. मी भेटायला गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं की ज्यांचा पत्ता लागला त्या सगळ्यांचं झालं, एकच खातं राहिलंय. बाईंचं, सरांच्या पत्नीचं. त्यांच्या मागं ते सरांच्या नावावर व्हायला हवं होतं, म्हणजे रजिस्टरमधून बाईंचं नाव जाऊन सरांचं लागणार होतं. फॉर्म त्यांच्या टेबलाच्या खणातच होता, त्यांच्याच अक्षरात पूर्ण भरलेला. फक्त सही नव्हती. एवढे दिवस हातपाय धड असताना त्यांनी ती का केली नव्हती, हे मी विचारलं नाही. ते सांगूही शकत नव्हते.

त्यांची सही मला येत होती. सहा वर्षं रोज बघितलेली, रेघेसकट. घरात कुणी नव्हतं, पेन माझ्या पर्समध्ये होतं. हे मी कबूल करते की तो विचार माझ्या मनात आला. मी त्यांच्याकडं बघितलं आणि पर्स बंद केली.

मग मी म्हणाले, "सर, डावा अंगठा चालेल. तहसीलदार साहेबांना मी घरी घेऊन येते, सही-शिक्का इथंच होईल. कायद्यानं सगळं बरोबर." त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग चांगल्या असलेल्या डाव्या हाताची मूठ मिटली, अंगठा आत घेऊन. मला वाटलं, त्यांना समजलं नसेल. मी परत सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मूठ तशीच ठेवली. मी निघाले तेव्हाही ती मिटलेली होती.

थोड्या दिवसांनी ते गेले.

मी दादांच्या कंपनीच्या नव्या सेक्रेटरीला फोन केला. पुण्याचा हुशार मुलगा आहे, अदबीनं बोलतो. म्हटलं, यंदाच्या सभेत सरांसाठी दोन मिनिटं उभं राहता आलं तर बघा, ही नोंद त्यांनी टिकवली होती. त्यानं कॉम्प्युटरवर बघितलं. "मॅडम, आमच्या रजिस्टरमध्ये हे नाव येत नाही. ते मेंबर नव्हते ना," तो म्हणाला. खरंच होतं. कोरममध्ये त्यांना कधीच धरता आलं नव्हतं.

कंपनी दरवर्षी एक यादी वेबसाइटवर लावते, ज्यांचे शेअर कुणी मागायला आलं नाही त्यांची. दादांची कंपनी, यादी फार लांब नसते. मी दरवर्षी ती उघडते. त्यात बाईंचं नाव असतं. सात वर्षं झाली की ते सरकारच्या फंडाच्या यादीत जाईल, पण नाव राहील. पहिल्या रकान्यात त्यांचं नाव, दुसऱ्या रकान्यात गाव. तिसरा रकाना पतीच्या नावाचा असतो. तिथं सर आहेत.